बेंबळीचे पाहुणे

लोहाऱ्याच्या आमच्या घरमालकांना डावं-उजवं मान्य नव्हतं. मी खोली बघायला गेले तेव्हा काकूंनी चहा टाकला होता, आणि काका मला म्हणाले, "बाई, साखरेची बरणी तेवढी द्या. वायव्येच्या फळीवर आहे." मी स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून स्वतःभोवती एक गिरकी घेतली. सगळी नोकरी त्यांनी हायस्कुलात भूगोल शिकवण्यात घालवली होती. निवृत्त झाले तरी दिशा काही सुटल्या नव्हत्या. जेवायला बसले की म्हणायचे, "चटणी आग्नेयेला वाढलीस, जरा पश्चिमेला सरकव." काकू कधी वर बघायच्या नाहीत, पण चटणी बरोबर तिथंच सरकायची. न्हाव्याकडं गेले तरी तेच. "दक्षिणेचा कल्ला लांब राहिलाय रे." न्हाव्यानं खुर्ची फिरवली की दक्षिण दुसऱ्या गालावर जायची, आणि तो बिचारा वस्तरा हातात धरून विचार करत बसायचा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर बदली होऊन लोहाऱ्याला आले होते. एकटी बाई, त्यात बोलायला फटकळ. दोन ठिकाणी घरमालकांशी माझं वाजलं होतं. इथं मात्र टिकले, कारण काका माझ्यापेक्षा विचित्र होते आणि काकू दोघांनाही पुरून उरणाऱ्या होत्या. पुढं माझी पुन्हा बदली झाली, खोली सुटली, पण घर सुटलं नाही. आजही लोहाऱ्याला गेले की माझी पिशवी आधी त्यांच्याच ओसरीवर पडते.

काकांचं प्रत्येक दुसरं वाक्य "आमच्या घराण्यात" असं सुरू व्हायचं. आमच्या घराण्यात साठीपर्यंत कुणाला चष्मा लागला नाही. आमच्या घराण्यात तिखटाशिवाय घास उतरत नाही. राग आला तरी तो त्यांचा नसायचा, पणजोबांचा असायचा. "हे नाक बघा," ते मला म्हणायचे, "हे आमच्या आजोबांचं." आजोबांचा फोटो समोरच्या भिंतीवर होता. त्यातलं नाक चांगलं बसकं आणि रुंद होतं. काकांचं नाक लांब आणि सरळ. मी फोटोकडं बघायची, मग काकांकडं बघायची आणि गुपचूप शेपू निवडायला लागायची. वडिलांविषयी सांगायचे की ते नव्वदीच्या पुढं गेले होते, बैलानं ढुशी दिली म्हणून निमित्त झालं, नाहीतर अजून असते. हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की ऐकणाऱ्याला त्या बैलाचाच राग यावा.

काका दत्तक होते. हे मला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं. "सर मूळचे बेंबळीचे. हितल्या म्हाताऱ्याला मूलबाळ न्हवतं, म्हणून लहानपणीच ओटीत घेतलं. पर बाई, त्येंच्यापुढं ह्यो विषय काढू नका." साऱ्या लोहाऱ्याला माहीत होतं आणि सारं गाव गप्प होतं. काका आजोबांचं नाक दाखवायचे, तेव्हा समोरचा माणूस मान डोलवायचा. मला आधी याचं हसू यायचं. मग नाही यायचं.

त्यांची आणखी एक खोड होती. रस्त्यानं चालताना ते दुकानांच्या पाट्या वाचायचे. नुसत्या वाचायचे नाहीत, थांबून, कमरेवर हात ठेवून, मोठ्यानं, आणि चुकांसकट. "'येथे मोटर रिवायडींग करून मिळेल.' रिवायडींग. बघा बाई, काय अवस्था आहे." त्यांच्याबरोबर एसटी स्टँडवर जायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. तहसीलच्या चढावर एक झेरॉक्सचं दुकान होतं. त्याची पाटी त्यांनी माझ्यादेखत किती वेळा वाचली असेल, गणती नाही. पाटी तीच, चूकही तीच. पोरं लांबूनच म्हणायची, "सर आले, वाचन सुरू."

आता बेंबळीच्या पाहुण्यांविषयी सांगते. आमच्याकडं पाहुणे म्हणजे सोयरे, लग्नानं जोडलेली माणसं. हुरड्याच्या दिवसांत एक म्हातारे गृहस्थ पिशवीभर हुरडा आणि गुळाची ढेप घेऊन यायचे. डोक्याला पटका, अंगात बंडी, चेहरा उन्हानं काळवंडलेला. बेंबळीहून दोन गाड्या बदलून यायचे. ते फाटकात दिसले की काका घरात बघून मोठ्यानं सांगायचे, "बेंबळीचे पाहुणे आलेत हो." मग सतरंजी अंथरली जायची, पाहुण्यांसाठीची वेगळी कपबशी निघायची. काका समोर बसून विचारायचे, "काय पाहुणे, पाऊसपाणी कसं आहे तिकडं?" आणि ते म्हणायचे, "बरं हाय की, सर."

ते काकांचे सख्खे थोरले भाऊ होते. काका त्यांना पाहुणे म्हणायचे आणि ते काकांना सर म्हणायचे. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन काकूंना म्हणाले, "काकू, हा काय प्रकार आहे?" काकू म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हापासून हाच प्रकार आहे. तू पोह्यांत शेंगदाणे घाल."

एकदा पाहुण्यांना जीपपर्यंत सोडायला काका निघाले, मीही शाळेला निघाले होते. दोघं पुढं, मी मागं. तहसीलच्या चढावर काका थांबले आणि झेरॉक्सची पाटी वाचायला लागले. पाहुणेही थांबले, खाली वाकले आणि चपलेतला खडा काढायला लागले. खडा काढून झाल्यावरही ते तसेच उभे राहिले. दोघांचेही हात कमरेवर, मान सारखीच कललेली, आणि तेच ते लांब सरळ नाक. मला वाटलं, काय हे दोन म्हातारे, एकाची खोड झाकावी आणि दुसऱ्याची काढावी. त्या थांबण्याचा अर्थ मला पुढं सोलापूरला कळला.

सख्ख्या भावाशी असं का वागता, हे मी काकांना एकदा सरळच विचारलं. दुपारची वेळ होती, आम्ही बियाण्यासाठी शेंगा फोडत होतो. मला वाटलं, आता पणजोबांचा राग बाहेर येणार. पण ते शांतपणे सांगायला लागले. दत्तक दिलं तेव्हा ते शाळेतही जात नव्हते. होम झाला, नव्या आईबापाच्या मांडीवर बसवलं, नवं नाव ठेवलं, साखर वाटली. पुढं केव्हातरी कुणाच्या बैलगाडीत बसून ते पळून बेंबळीला गेले. आई दारात जोंधळे पाखडत होती.

"मला वाटलं, ती मला उचलून घेईल," काका म्हणाले. "ती उठली. पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी काढली. आणि माझ्या भावाला म्हणाली, पाहुण्यांना हात धुवायला पाणी दे. मला वाटलं, माझ्या मागून कुणीतरी आलंय. म्हणून मी वळून बघितलं."

त्यांच्या हातातली शेंग काही फुटेना. मी ती घेतली आणि फोडून सुपात टाकली.

"मी जेवलो," ते म्हणाले. "आई आत गेली ती बाहेर आलीच नाही. भावानं मला बैलगाडीनं परत आणून सोडलं. ती बरोबर वागली, बाई. मला तिथं घेतलं असतं, तर मी ना इथला झालो असतो ना तिथला."

मला त्या बाईचा राग आला आणि त्याच वेळी तिची इतकी दया आली की मी पुढं काही विचारलं नाही. काकांना मात्र त्यानंतर मी नाकावरून कधी छेडलं नाही.

तर त्या पाहुण्यांचं एका हिवाळ्यात बेंबळीला अचानक निधन झालं. ज्वारीच्या कडेला उभे होते, उभ्याउभ्याच खाली बसले आणि संपले. सकाळी फोन आला. काकांनी तो ऐकला, ठेवला आणि म्हणाले, "बेंबळीचे पाहुणे वारले." मग आंघोळ केली, पूजा केली, गंध लावलं. काकूंनी विचारलं, "निघायचं ना?" तर म्हणाले, "सोयऱ्यांत एका माणसानं जावं लागतं. तू जाऊन ये." काकू आणि मी जीपनं गेलो. तिथं बायका रडताना बोलत होत्या, ह्यांचा बापबी असाच गेला, चालता-बोलता, साठीतच. कुणी म्हणत होतं, शेतातल्या म्हसोबाचं काहीतरी राहिलंय. संध्याकाळी परत आलो तर काका ओसरीवर बसलेले. त्यांनी विचारलं, "बेंबळीच्या अलीकडचा रस्ता झाला का?" काकू त्यांच्याशी त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी बोलले. मी म्हणाले, "रस्ता झालाय. तुम्हाला जाता आलं असतं."

वर्षसहा महिने झाले असतील. त्या पाहुण्यांचा थोरला मुलगा लोहाऱ्याला आला. पन्नाशीचा माणूस, ढोकीच्या कारखान्याला ट्रॅक्टरनं ऊस घालायचा. मी त्या दिवशी तिथंच होते. तो हुरडा घेऊन आला नव्हता, हातात सोलापूरच्या दवाखान्याची पिशवी होती. ट्रॅक्टरवर बसल्याबसल्या त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली होती, म्हणून सोलापूरला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. तो सतरंजीच्या कडेला बसला आणि म्हणाला, "काका, म्या एक सांगाय आलोय. ऐकून घ्या. डाक्टरीणबाई म्हणल्या, ह्यो आजार आमच्या रक्तातच हाय. काळजाचं मास जाड हुतंय, आन् मग त्याला जोर ऱ्हात न्हाय. तरण्यापणी काय बी कळत न्हाय. पन्नाशी-साठी आली की धरतंय. आज्याला त्योच हुता, आमच्या आप्पाला त्योच, आन् आता मला बी त्योच."

"वाईट झालं," काका म्हणाले. "औषधपाणी नीट करा."

"करतोय की. पर त्या म्हणल्या, ज्येच्या अंगात हाय त्येच्या लेकरात यील न्हायतर न्हाय बी येणार. काय सांगता येत न्हाय, नाणं फेकल्यावानी हाय. पर तपासलं की कळतंय, आन् आधी कळलं तर गोळ्या हायत, जपता येतंय. तुमी आप्पाचे सख्खे भाऊ. तुमचं रगात तपासाय पायजे. तुमच्यात न्हाय निघालं, तर आमच्या मनीषाताईचा घोरच मिटला."

मनीषा म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी. ढोकीला दिलेली, चाळिशी ओलांडलेली.

काका ताठ बसले. म्हणाले, "आमच्या घराण्यात हृदयाचा आजार नाही."

तो भाबडा माणूस. त्याच्या मनात काही नव्हतं. त्यानं सरळ विचारलं, "तुमच्या कंच्या घराण्यात, काका?"

काका उठले. आत बघून म्हणाले, "पाहुण्यांना चहा द्या," आणि मागच्या अंगणात निघून गेले. तो चहा न घेताच गेला. जाताना मला फाटकाशी म्हणाला, "बाई, तुमी शिकल्याल्या हाव. तुमी तरी सांगा त्येनला. आमचं जे व्हायचं ते हुईल, पर ताईला कळाय पायजे."

मी मनीषाला फोन केला. तिला जिने चढताना दम लागतो हे मला माहीत होतं. गच्चीवर पापड घालायला गेली की मध्येच पायरीवर बसायची आणि वजन वाढलं म्हणून हसायची. मी म्हणाले, "तुला बाबांची परवानगी कशाला पाहिजे? तू सरळ सोलापूरला जा आणि तपासून ये." पलीकडं तिनं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "ताई, मी तपासायला गेले म्हणजे बाबांना काय सांगितल्यासारखं होईल, माहितेय ना? की तुम्ही या घरातले नाहीत. साऱ्या गावानं जे तोंडातून काढलं नाही, ते मी पोटच्या पोरीनं काढू?" मी तिला रागावले. बयो, जिवाशी गाठ आहे, म्हणाले. ती ऐकायला तयार नव्हती. हट्टाच्या बाबतीत तिच्यात कुणाचं रक्त होतं ते दिसतच होतं.

म्हणून मी काकांना गाठलं. ते म्हणाले, "बाई, होमापुढं संकल्प सोडला, गोत्र बदललं. त्या क्षणी माणूस त्या घरातून उपटला जातो आणि या घरात लागतो. रक्तसुद्धा बदलतं." हे कोण बोलत होतं, तर ग्रहण लागलं की पोरांना वर्गाबाहेर काढून, एका हातात लिंबू आणि एका हातात नारळ धरून, काही अशुभ नसतं रे, नुसती सावली असते, असं शिकवणारा माणूस. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. ते चेष्टा करत नव्हते. त्यांचा खरोखर विश्वास होता. नव्हे, त्या विश्वासावरच ते लहानाचे मोठे झाले होते.

वाद घालून उपयोग नव्हता. मी म्हणाले, "मग भिता कशाला? रक्त बदललंय ना? द्या तपासायला. बेंबळीवाल्यांच्या हातात कागदच ठेवू, की बघा, आमच्या काकांचं रक्त लोहाऱ्याचं आहे." माझा डाव काकूंच्या लक्षात आला, त्या चुलीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. काका विचारात पडले. आणि मग म्हणाले, "हे बरोबर आहे. एकदा होऊनच जाऊ दे."

सोलापूरला जाताना त्यांनी कोट घातला. गुडघ्यामुळं काकूंना प्रवास झेपत नव्हता, म्हणून सोबत मी. डॉक्टर तरुण मुलगी होती, आपल्याच भागातली, बोलायला गोड. तिनं कागद पुढं ओढला आणि विचारलं, "काका, वडील कशानं गेले?"

"बैलानं ढुशी दिली. नव्वदीच्या पुढं होते."

"आणि आजोबा?"

"वार्धक्यानं. त्यांचं नाक असं होतं," काका दाखवायला लागले.

ती बुचकळ्यात पडली. बेंबळीच्या पुतण्याचे कागद तिच्यापुढं होते, आणि त्यात त्याचे आजोबा, म्हणजे काकांचे जन्मदाते वडील, साठीत गेल्याची नोंद होती. "पण तुम्ही यांचे कोण?" तिनं विचारलं.

"मी त्यांचा पाहुणा."

"काका, मग तुमचं रक्त घेऊन काही उपयोग नाही," ती अगदी सरळपणे म्हणाली. "मला पेशंटच्या वडिलांचे सख्खे भाऊ हवे होते. पाहुण्यांमध्ये हा आजार जात नाही."

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी मध्ये बोलायचं नाही असं ठरवूनच आले होते. बाहेर नर्स कुणाचं तरी नाव पुकारत होती. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आणि म्हणाले, "घ्या रक्त. मी त्यांचा भाऊ आहे. धाकटा."

आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले असतील. ज्याच्यासाठी म्हणाले, तो ऐकायला नव्हता. मला खिडकीकडं तोंड करावं लागलं.

डॉक्टरनं छातीची सोनोग्राफी केली. स्नायू थोडा जाड दिसतोय म्हणाली, वयानं आणि ब्लडप्रेशरनंही होतो, रक्ताचं येऊ द्या. मग विचारलं, "चालताना दम लागतो का?" काका ठामपणे नाही म्हणाले. "चढावर?" तरी नाही. "मध्ये थांबावं लागतं का?" काका म्हणाले, "थांबावं लागत नाही. मी पाट्या वाचतो." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. सगळ्या पाट्या ते चढावरच वाचायचे. उतारावर त्यांनी एकही पाटी वाचल्याचं मला आठवेना. आणि चपलेतला तो खडा. दोघं भाऊ एकाच चढावर दम खात उभे होते, आणि दोघांनाही ते एकमेकांना कळू द्यायचं नव्हतं.

रक्त बाहेरगावी गेलं. निकाल यायला बरेच दिवस लागले. काकांच्या रक्तात तोच दोष निघाला, बेंबळीच्या पुतण्याच्या रक्तात होता तोच, अगदी त्याच जागी. मग मनीषाचं रक्त गेलं. या वेळी ती स्वतःहून आली, आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

तिचा निकाल ऐकायला आम्ही तिघं गेलो. मी मनातल्या मनात तुळजाभवानीला सांगत होते, आई, हिच्यात नको. डॉक्टरनं कागद उलटा करून टेबलावर ठेवला, तेव्हाच मला कळलं. तिच्यातही होता. डॉक्टर म्हणाली, हृदय अजून चांगलं आहे, फार लवकर कळलंय, रोज एक गोळी, दरवर्षी तपासणी, उपासतापास आणि उन्हातान्हात धावपळ करायची नाही. तुमच्या वडिलांच्या पिढीला हे कळायची सोयच नव्हती, तुम्हाला कळलं. मनीषा मान हलवत होती. रडली नाही. नुसती बापाकडं बघत होती.

काका खाली बघत होते. मग त्यांनी डॉक्टरला विचारलं, "हे परत घेता येतं का?"

"काय परत घेता येतं, काका?"

"माझ्याकडून गेलंय ना तिला? मला चालेल, माझं वय झालंय. तिच्यातलं काढून माझ्यात घालता येत असेल तर बघा."

डॉक्टरनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "नाही काका. एकदा दिलं की परत घेता येत नाही."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "दत्तकासारखंच आहे."

परतीच्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले, मनीषा पुढच्या सीटवर. नळदुर्गच्या पुढं आल्यावर ते मला हळू आवाजात म्हणाले, "बाई, आयुष्यभर मी पोरीला सांगत आलो, तुझा रंग आजीचा, तुझा आवाज पणजीचा. ते एकही तिचं नव्हतं. माझं म्हणून तिला मिळालं ते एवढंच." आणि त्यांनी रुमाल तोंडावर धरला. त्यांच्या घरात इतकी वर्षं काढली, पण त्यांना रडताना मी त्या दिवशीच बघितलं.

त्यानंतरचे काका वेगळे होते. कोट घालून बेंबळीला गेले. भावाच्या घरी ओसरीवर बसून एकेका पुतण्याला, पुतणीला बोलावून घेतलं आणि मास्तरकी आवाजात सांगितलं, "माझ्या बापाला हा आजार होता, माझ्या भावाला होता, मला आहे. म्हसोबाचं काही नाही. सोलापूरला जाऊन तपासून या, मी विचारायला येणार आहे." आणि खरंच विचारायला गेले. दोघाचौघांत निघाला, बाकीच्यांत नाही निघाला. ज्यांच्यात निघाला त्यांना गोळ्या सुरू झाल्या. थोरला पुतण्या ट्रॅक्टर मुलाकडं देऊन घरी बसला, अजून आहे.

मनीषाशी मात्र त्यांना धड बोलता येईना. रोज सकाळी फोन करायचे. "गोळी घेतलीस?" ती हो म्हणाली की फोन ठेवायचे. ती दिवाळीला आली तरी तिच्यासमोर बसायचे नाहीत, काहीतरी काम काढून अंगणात जायचे. तीही कमी बोलायची. काकू मला म्हणायच्या, "दोघांचं काहीतरी बिनसलंय गं. पोरगी बापावर रागावली असेल, उशीर केला म्हणून." मलाही तसंच वाटायचं.

उन्हाळा सुरू होता होता काका गेले. मागच्या अंगणात झाडांना पाणी घालत होते, उभ्याउभ्या गेले. त्यांना स्वतःला उशिरा कळलं होतं, गोळ्यांनी जेवढं थांबायचं तेवढं थांबलं.

दिवस झाल्यावर मी आणि मनीषा ओसरीवर बसलो होतो. मी म्हणाले, "आता तरी राग सोड बयो. म्हाताऱ्यानं शेवटी केलं ना सगळं तुझ्यासाठी."

ती माझ्याकडं नवल वाटल्यासारखी बघायला लागली. "राग कसला ताई?" म्हणाली. "लहानपणी मी आरशापुढं उभी राहायची. माझ्यात बाबांचं काय आहे ते शोधायची. डोळे आईचे, केस आईचे, बोटंसुद्धा आईची. सगळे म्हणायचे, आईचीच छबी आहे. आणि बाबा सांगायचे ते सगळं त्या फोटोतल्या माणसांचं. त्या दिवशी डॉक्टरबाईंनी कागद वाचला ना, तेव्हा भीती नंतर वाटली. आधी बरं वाटलं मला. वेड्यासारखं वाटेल तुम्हाला, पण बरं वाटलं. बाबांचं काहीतरी आहे माझ्याजवळ, असं वाटलं."

मी तिचा हात धरला.

"हे त्यांना सांगायचं होतं," ती म्हणाली. "रोज फोन आला की वाटायचं, आज सांगू. पण आजाराबद्दल असं कुणी बोलतं का, कसं सांगायचं तेच ठरेना. आणि ते रोज गोळी घेतलीस का विचारायचे, आणि मी नुसतं हो म्हणायची."